कशावरून खरं?

(लघुपटाची संहिता. दृश्य : मोहित्यांचे वडगाव. दिवेलागणीची वेळ. मंदिरावरचा भोंगा वाजतो.)

सांगली जिल्हा, तालुका कडेगाव. गाव मोहित्यांचे वडगाव. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. संध्याकाळी सात वाजता इथल्या मंदिरावर भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे असतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, घरातल्यांशी बोलण्याचा.

हे ठरलं 2022च्या ऑगस्टमध्ये. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली होती. पुढं शाळा परत भरल्या, पण मोबाइल काही मुलांच्या हातातून सुटला नाही. सरपंच विजय मोहिते यांनी भोंग्याची कल्पना मांडली, तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली होती. मग स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा झाली. तिथं बायकांनी उघड सांगितलं, की मालिकांपुढून आमचंही उठणं होत नाही. भोंगा घ्यायचं ठरलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, लोकांना समजावत राहिले.

या गावाबद्दल बरंच छापून आलंय. मला त्यातली एकच गोष्ट फार मोठी वाटते. गावानं नियम फक्त मुलांना लावला नाही. आई मालिका बघतेय, बाबा रील सरकवतायत आणि पोरानं मात्र कोपऱ्यात पाढे म्हणायचे, असं तिथं ठरलं नाही. सात वाजता सगळ्यांनीच बंद करायचं.

(दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. परिपाठ चालू आहे.)

मी छात्राध्यापिका आहे, म्हणजे शिक्षक व्हायचं शिकतेय. डी.एल.एड. या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. सध्या माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेतला शिकवण्याचा सराव, सुरू आहे, याच जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, पाचवीच्या वर्गावर. सकाळी परिपाठ, मग तास, दुपारी पोषण आहार वाढायला हातभार, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं पाठ टाचण, म्हणजे काय आणि कसं शिकवायचं ते लिहून काढणं. या दिवसांत मुलांच्या तोंडून जे ऐकलं, त्यातून हा लघुपट करावासा वाटला.

आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांचा आहे. वडील रानातून किंवा कारखान्यावरून आले की तासभर तो मुलांकडे येतो. त्या तासाभरासाठी भावंडांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. दिवसाचा डेटा संपला की शेजारच्या काकांकडून हॉटस्पॉट मागायचा. ही सगळी व्यवस्था मुलांनी स्वतः लावलीय.

मधल्या सुट्टीत ती ‘चॅनेल-चॅनेल’ खेळतात. एकजण डस्टर उभा धरतो, तो कॅमेरा. दुसरी समोर उभी राहते आणि म्हणते, ‘‘हॅलो फ्रेंड्स, आज आपण बघणार आहोत आमच्या शाळेतली चिंच.’’ मग चिंचेची खरोखर चांगली माहिती देते. फुलं कधी येतात, कोणत्या फांदीची चिंच गोड, मुंगळे कुठून चढतात, सगळं. शेवटी सगळ्यांना सबस्क्राईब करायला सांगते. मी हा खेळ बराच वेळ बघत उभी होते. वर्गात ‘चिंचेच्या झाडाविषयी माहिती सांग’ म्हटलं, की हीच मुलगी दोन वाक्यांत थांबते.

म्हणजे बोलता येतं. निरीक्षण आहे, क्रम आहे, ऐकणाऱ्याचं भानही आहे. हे तिला मोबाइलनं दिलं असेल, तर मोबाइलला नावं ठेवून माझं शिकवणं सुधारणार नाही.

(दृश्य : शहापूर तालुक्यातला रस्ता. पुढं सोलापूरची माळरानं.)

महाराष्ट्रात मोबाइल आणि पडदा शिकवण्यात आणण्याच्या वाटेवरून बरेच शिक्षक आमच्या आधी चालून गेलेत. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड यांनी डिजिटल केली, तीही आदिवासी पाड्यावर. ती बघायला ठिकठिकाणचे शिक्षक जात. 2015मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून शाळांना टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेऊन दिले. कुठं माजी विद्यार्थ्यांनी, कुठं जत्रेच्या शिल्लक पैशातून. या लोकवर्गणीबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढं वीजबिल कुणी भरायचं, बिघडलेला प्रोजेक्टर दुरुस्तीला कुठल्या पैशानं न्यायचा, हे प्रश्न आले आणि अनेक ठिकाणी पडदा गुंडाळून ठेवावा लागला. हेही तितकंच खरं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले 2009मध्ये रुजू झाले. त्यांनी पुस्तकातल्या कवितांना, धड्यांना क्यूआर कोड जोडले. चौकोनावर मोबाइल धरला की कविता ऐकू यायची. पुढं राज्यानं ही कल्पना उचलली आणि बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड आले. 2020च्या डिसेंबरमध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांमध्ये वाटली. तेव्हा मी अजून शाळेतच होते. एका जिल्हा परिषद शिक्षकाची बातमी सगळीकडे झळकतेय, हे बघताना अंगावर काटा आला होता.

(दृश्य : सोलापूर, नीलमनगर. घरांच्या भिंतींवर रंगवलेले धडे.)

त्याच वर्षी शाळा बंद झाल्या. ज्यांच्याकडे फोन होता, त्यांचा अभ्यास फोनवर गेला. नव्हता, त्यांच्यासाठी जुलै 2020मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलांनी येता-जाता, अंतर ठेवून वाचायचे. कुठं शिक्षक देवळाच्या ओट्यावर पाच-सहा मुलांना घेऊन बसले. त्या दिवसांत कोणतं साधन नवं आणि कोणतं जुनं, याचा विचार करत कुणी थांबलं नाही. मूल जिथं सापडेल तिथं जायचं, एवढंच ठाऊक होतं.

(दृश्य : वर्गातली वाचनपेटी. एक मुलगा बोट ठेवून वाचतो आहे.)

आता दोन आकडे शेजारी ठेवते. दोन्ही ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या 2024च्या अहवालातले, देशाच्या ग्रामीण भागाचे. 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आणि पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकणारी मुलं आहेत 49 टक्क्यांच्या आसपास.

वयोगट वेगळे आहेत, तरी हे आकडे वाचून मी थबकले. फोन हाताळायला वाचन लागत नाही. चित्रावर बोट ठेवायचं, माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं, व्हिडिओ समोर येतो. माझ्या वर्गात जोडाक्षरावर अडखळणारा मुलगा यूट्यूबवर ट्रॅक्टरचं कोणतंही मॉडेल क्षणात शोधतो. पण समोर आलेलं खरं की खोटं, हे ठरवायला मात्र वाचावंच लागतं. तारीख वाचावी लागते, नाव वाचावं लागतं, खालचं बारीक अक्षर वाचावं लागतं. ज्याला वाचता येत नाही, त्याला कुणीही काहीही सांगू शकतं. म्हणून डिजिटल साक्षरता हा मला वेगळा विषय वाटतच नाही. तो भाषेच्या तासाचाच भाग आहे आणि तिथंच शिकवला पाहिजे.

(दृश्य : पावसाळी सकाळ. फळ्यावर दोन पत्रकं चिकटवली आहेत.)

पावसाळ्यात या भागात एक मेसेज हमखास फिरतो. ‘अतिवृष्टीमुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी.’ खाली सही, शिक्का, सगळं. एका संध्याकाळी तो आला आणि वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. शाळा तर भरली होती.

मी तो मेसेज छापून घेतला. सोबत सुट्टीचं एक खरं पत्रकही घेतलं आणि मराठीच्या तासाला दोन्ही फळ्यावर लावली. एकच प्रश्न विचारला : यातलं खरं कोणतं आणि कशावरून?

आधी सगळे ओरडले, ‘‘दोन्ही खरी! शिक्का आहे की मॅडम!’’ मग एकीनं जवळ जाऊन तारीख वाचली. महिना बरोबर होता, वर्ष मागचं होतं. वर्गात एकदम शांतता. मग सगळेच फळ्यापाशी आले. एकाला दिसलं, की वर ‘जिल्हाधिकारी कार्यालय, कोल्हापूर’ असं लिहिलंय. ‘‘आपला जिल्हा सांगली हाय!’’ दुसऱ्यानं जावक क्रमांक म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला नंबर असतो आणि तो वहीत नोंदलेला असतो. अतिवृष्टीत अशी सुट्टी बहुतेक वेळा जिल्हाधिकारीच जाहीर करतात, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात, हेही सांगितलं. एरवी नागरिकशास्त्रात हे वाक्य मुलांना कंटाळवाणं झालं असतं. त्या दिवशी त्यांनी ते स्वतःहून वहीत उतरवून घेतलं.

जोडाक्षरावर अडखळणारा तो मुलगा ‘प्राधिकरण’ हा शब्द तीनदा तोडून वाचत होता. त्याला तो वाचायचाच होता.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आजी शाळेत आली. नातीनं घरातल्या ग्रुपवर आलेला औषधाचा मेसेज आजोबांना पुढं पाठवू दिला नव्हता. ‘‘हे कुणी सांगितलं? डॉक्टरचं नाव कुठाय?’’ असं विचारत बसली म्हणे. आजी म्हणाली, ‘‘बाई, पोरीला वकील करता का काय?’’ आणि खूप वेळ हसत राहिली.

(दृश्य : कोसबाडची टेकडी. वारली पाडा, गुरं चरताहेत.)

अध्यापक विद्यालयात आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम शिकतो. 1945मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्या बालवाडी पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात. मग शाळा कुरणात भरली. तीच कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि शेजारी झाडाखाली शिक्षण चाललंय.

परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. चॅनेल-चॅनेलचा खेळ बघताना ते मला नीट कळलं. आजची मुलं संध्याकाळी ज्या कुरणात जातात, तिथं त्यांच्याबरोबर कुणी मोठं माणूस नसतं. आम्ही शिक्षक शाळेच्या पडद्यावर तयार व्हिडिओ लावतो आणि हजेरीचा, माहितीचा मजकूर पोर्टलवर भरायला बसतो. घरी पालक फोन देतात आणि आपापल्या कामाला लागतात. दोन्हीकडे मूल पडद्यापुढं एकटंच. त्याच्या शेजारी बसून ‘हे काय बघतोयस? तुला काय वाटतं? हा माणूस हे का सांगत असेल?’ असं विचारणारं कुणी नाही.

आमच्या प्रशिक्षणात माहिती तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक आहे. स्लाइड तयार करणं, तक्ता भरणं, चित्रफीत दाखवणं हे सगळं आम्ही शिकतो आणि ते लागतंच. पण मुलाशेजारी बसून पडदा वाचण्याचा पाठ त्यात असावा, असं मला कळकळीनं वाटतं. त्याचंही टाचण निघावं, त्याचंही निरीक्षण व्हावं, त्यालाही गुण असावेत. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. छापलेले दोन कागद पुरतात.

(दृश्य : एका घराचा सोपा. जातं. आजी आणि दोन मुली, हातात फोन.)

सध्या वर्गाचं एक काम चाललंय. मुलं घरच्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करतायत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी कार्यकर्त्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या कित्येक इंटरनेटवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. मी त्यातल्या काही वर्गात ऐकवल्या. एका मुलीनं लगेच विचारलं, ‘‘मॅडम, आमच्या आज्जीची का नाही यात?’’

काम तिथूनच सुरू झालं. मुलांनी नियम केलेत : आधी आजीला विचारायचं, मुद्रित झाल्यावर तिला ऐकवायचं, तिनं नको म्हटलं तर पुसायचं. ओवीसोबत नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली, ते वहीत लिहायचं. संमतीबद्दल मी एक शब्द शिकवला नव्हता. ‘‘आपला फोटो कुणी न विचारता टाकला तर राग येतो,’’ एवढं एक मुलगा म्हणाला आणि वर्गानं नियम करून टाकला.

वही भरत चाललीय. माहेरच्या गावांची नावं आली म्हणून नकाशा काढावा लागला. नकाशा आला म्हणून अंतरं आली, अंतरं आली म्हणून गणित आलं. एका आजीच्या दोन ओव्यांमध्ये एकच ओळ वेगळी निघाली आणि खरी कोणती यावरून वर्गात भांडण जुंपलं. निकाल अजून लागलेला नाही. उद्या दुपारी दोन्ही गट आजीकडं जाणार आहेत. प्रश्न त्यांनी लिहून ठेवलेत, पहिलाच असा : ‘आज्जी, ही ओळ तुला कुणी सांगितली?’