अंगठ्याचा जोड निघाला परदेशी

(दृश्य: कोल्हापूर, सुभाषनगर. सकाळ. दगडावर कातडं ठोकण्याचा आवाज. आवाज तसाच राहू द्यावा, निवेदन थोडं उशिरा सुरू.)

सुभाषनगरात उजाडतं ते या आवाजानं. भिजवलेलं कातडं, खाली दगड, वर हातोडी. तळ असा ठोकून घट्ट केल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. मग रापीनं कापणी, आरीनं भोकं आणि चामड्याच्याच वादीनं शिलाई. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. शेजारच्या खोलीत घरातल्या बायका बारीक पट्ट्यांची वेणी घालत बसलेल्या. वेणी, कान, पट्टा आणि शेवटी अंगठा. अंगठा बसला की चप्पल झाली.

या अंगठ्याची एक गंमत आहे. जगभरातल्या कस्टमवाल्यांची मालाची एक सामाईक यादी असते. मीठ असो की विमान, प्रत्येक वस्तूला त्यात एक आकडा. या यादीचं ६४ वं प्रकरण पादत्राणांचं, आणि त्यात एक आकडा आहे ६४०३.२०. त्याच्यापुढचं वर्णन वाचा: तळ चामड्याचा, वर चामड्याचे पट्टे, ते पावलावरून आणि पायाच्या अंगठ्याभोवती गेलेले. 

कोल्हापूरचं नाव त्यात कुठंही नाही. पण आपल्या डोळ्यांपुढं दुसरं काही येतं का?

तेव्हा कोल्हापुरी परदेशी जाते, ही काही ताजी खबर नव्हे. आजवर ती गेली ती व्यापाऱ्याच्या नावावर, मुंबई-दिल्लीच्या निर्यातदाराच्या कागदावर. ज्यानं अंगठा शिवला त्याला आपला जोड कुठल्या देशात गेला हे कळायचंही कारण नव्हतं. आता सरकार म्हणतं, तूच पाठव. त्यासाठी योजना आहेत, पोर्टलं आहेत, टपाल खात्याची खिडकी आहे. 

आम्ही ती वाट एकदा पायाखाली घालून बघायचं ठरवलं.

(दृश्य: चप्पल लाईन. दुकानांत टांगलेले जोड. गिऱ्हाइकांची गर्दी.)

त्याआधी प्राडाचा विषय उरकून घेऊ, कारण कोल्हापुरात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न तोच येतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या. श्रेय कुणालाच नाही. इकडं गदारोळ झाला, व्यापारी-उद्योजकांच्या महाराष्ट्र चेंबरनं पत्र धाडलं, आणि कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलेची. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम, कर्नाटकचं लिडकार आणि प्राडा यांचा करार झाला. २ हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. या लाईनीत चांगला जोड दीड-दोन हजार रुपयांत मिळतो. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

लिडकॉम म्हणजे आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच दोन महामंडळांच्या अर्जावर. मानांकन लागू आहे ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले ४ जिल्हे आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे ४, एवढ्यांना. सीमावादात एवढी एकजूट दुसऱ्या कुठल्या वस्तूनं दाखवली असेल तर आम्हाला माहीत नाही.

(दृश्य: घराचा माळा. कारागिराचा मुलगा मोबाईलवर. भिंतीला टेकवलेले साचे.)

आता वाट. पहिला मुक्काम आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. हा शब्द ऐकला की जुन्या माणसांना एजंट आठवतो. खरं तर इथं सरकारनं काम सोपं करून ठेवलंय. अर्ज ऑनलाईन, फी ५०० रुपये, आणि कोडचा आकडा म्हणजे आपलाच पॅन क्रमांक. कागद नीट असतील तर पोरगं जेवायच्या आत अर्ज भरून मोकळं होतं. 

एकच मेख आहे. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ही नोंद पुन्हा तपासून कायम करायची असते. बदल काही नसला तरी 'बदल नाही' असं सांगावं लागतं. विसरलात तर कोड निष्क्रिय. आणि हे कळतं कधी, तर पहिली ऑर्डर हातात आल्यावर.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, ती फुकट. बँकेत चालू खातं आणि परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा एडी कोड. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी नावाचं हमीपत्र, म्हणजे निर्यातीच्या मालावर कर न भरता तो पाठवता येतो. हेही दर आर्थिक वर्षाला नव्यानं. निर्यातीच्या सवलती हव्या असतील तर चर्म निर्यात परिषदेचं सदस्यत्व. 

यादी ऐकून दम लागला असेल, पण यात डोंगर म्हणावा असा एकही कागद नाही. सगळी टेकाडं आहेत.

(दृश्य: कारागीर, वय साठीच्या आसपास. हात कामात. मान वर न करता बोलतो.)

"कागुद झालं ओ ताई. पोरानं समदं केलं. पर गिऱ्हाईक काय कागदावर येतंय व्हय?"

गिऱ्हाईक आलं ते इन्स्टाग्रामवरून. परदेशात राहणाऱ्या एका मराठी बाईंनी ४ जोड मागवले. मग त्यांच्या ओळखीनं आणखी ६. पहिली अडचण अनपेक्षित निघाली, मापाची. इथं गिऱ्हाईक दुकानात येतं, पाय पुढं करतं, कारागीर नुसत्या नजरेनं सांगतो, आठ नंबर. तिकडून येतो ४२ चा आकडा. पाऊल रुंद की अरुंद, हे त्यात नाही. आणि कोल्हापुरी तर पायात बसता बसता पायाची होते, हे त्या माणसाला कोण सांगणार? पहिल्या ४ जोडांतला एक घट्ट झाला. परत मागवायचा खर्च चपलेच्या वर जात होता, म्हणून नवा जोड करून पाठवला. आता हा मुलगा गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायला सांगतो आणि त्याचा फोटो मागवतो. याला कुठल्या योजनेत अनुदान नाही, पण पहिल्या निर्यातीतली सगळ्यात कामाची युक्ती हीच.

(दृश्य: टपाल कार्यालय. वजनकाटा. खोक्यावर चिकटवलेलं लेबल.)

आणि ही ती खिडकी. डाकघर निर्यात केंद्र. २०२२ च्या अखेरीस ही सोय सुरू झाली आणि आज देशभरात अशी १ हजाराहून जास्त केंद्रं आहेत. आधी ४ जोड परदेशी पाठवायचे तर कुरियरवाल्याचा दर ऐकूनच माणूस गार व्हायचा, नाहीतर कस्टमसाठी मुंबईच्या फॉरेन पोस्टाची वारी. आता घरी बसून पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालानं जाणाऱ्या मालाचा कस्टमसाठीचा अर्ज, भरायचं. कस्टमची तपासणी त्या बिलावरूनच पुढं होते. लेबल छापायचं, खोकं बांधायचं आणि आपल्या गावच्या पोस्टात नेऊन द्यायचं. बारकोडच्या शेवटी दोन अक्षरं असतात, आय आणि एन. इंडिया. 

मोठ्या घोषणा खूप झाल्या, पण छोट्या माणसाला निर्यातदार करायचं काम आमच्या मते या साध्या खिडकीनं सगळ्यात जास्त केलंय. पोस्टमन ओळखीचा असतो, हेही त्यातलं एक कारण.

पण खिडकी आपल्या गावात असली तरी तिची कडी दुसऱ्याच्या हातात असू शकते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल आयात शुल्काशिवाय आत जायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी ती सूट काढून टाकली. शुल्क कोण गोळा करणार, कसं करणार, कुणालाच स्पष्ट नव्हतं, त्यामुळे भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासूनच तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. मधले सात आठवडे म्हणजे नेमका दसऱ्याचा आणि दिवाळीआधीचा काळ. पावसाळ्यात कातडं वाळत नाही, काम मंदावतं, आणि ऊन पडल्यावर जरा कुठं हात चालायला लागतो, तेव्हाच पार्सल बंद. सुरू झालं तेही बदललेल्या रीतीनं. तिकडचं आयात शुल्क, जे त्या वेळी ५० टक्के होतं, ते इथंच, पार्सल देताना भरायचं.

आधी भरायचं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

(दृश्य: कातड्याचं दुकान. गुंडाळ्या. वहीत नोंद होतेय.)

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांसाठी खास मदत आहे. निर्यात परिषदेची नोंदणी फी, निर्यात विम्याचा हप्ता, मालाच्या चाचणीचा खर्च, यांतला काही भाग सरकार देतं. कसा? तुम्ही खर्च करा, पावत्या जोडा, मग परतावा. निर्यातीवरचे करांचे परतावे, तेही माल गेल्यावर. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या सोयीनं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्यातीचे पैसे देशात आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ महिन्यांवर नेली. मोठ्या निर्यातदाराला दिलासा, यात शंका नाही. पण कातडं आता बरंचसं चेन्नईसारख्या ठिकाणांहून येतं, आणि ते विकणारा १५ महिने थांबणारा नाही.

"पैसं येत्यात. न्हाई म्हणत न्हाई मी. पर कवा?"

आम्ही भेटलो त्या साऱ्यांचं गाऱ्हाणं या एका 'कवा'भोवती फिरतं. ज्याच्याकडं आधीच भांडवल आहे, त्याला या योजना बक्षिसासारख्या मिळतात. ज्याच्याकडं नाही, त्याला बक्षिसापर्यंत पोचायलाच उसनवारी करावी लागते. निर्यातीच्या कर्जावर व्याजात सवलत देणारी योजना होती, ती डिसेंबर २०२४ अखेर संपली. तिच्या जागी नवं काही यायला पुढचं जवळजवळ सगळं वर्ष गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं निर्यात प्रोत्साहन मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत २५,०६० कोटी रुपये. तिचे दोन भाग, स्वस्त कर्जपुरवठ्यासाठी 'निर्यात प्रोत्साहन' आणि बाजारपेठ, दर्जा, वाहतूक यांच्यासाठी 'निर्यात दिशा'. यातलं सुभाषनगरच्या गल्लीत काय उतरतं, ते पुढच्या काही वर्षांत दिसेल.

गंमत म्हणजे, आम्हाला या गल्लीत सगळ्यात उपयोगी पडलेली दिसली ती योजना निर्यातीची नाहीच. पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक कामांसाठी, त्यात चर्मकार आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजानं तारण न ठेवता आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख. इथं पैसे कामाच्या आधी हातात येतात. पण अट अशी की लाभ एका कुटुंबातल्या एकालाच. आणि चप्पल तर कुटुंबच करतं. ठोकणारा एक, कापणारा दुसरा, वेणी घालणारी तिसरी. कागदावर कारागीर कोण? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं, आणि ते वेणी घालणारीचं नाव नसतं.

(दृश्य: चपलेच्या आतल्या बाजूला क्यूआर कोडचं लेबल. मोबाईल त्यावर धरला जातो.)

विम्याबद्दल एवढंच. परदेशी गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर नुकसानीचा मोठा हिस्सा भरून देणारी सरकारी कंपनी आहे, ईसीजीसी. १९५७ पासून आहे आणि मुख्यालय मुंबईतच. १० जोडांची ऑर्डर आधी पैसे घेऊनच पाठवावी, तिथं विम्याचं काम नाही. १ हजार जोडांची ऑर्डर उधारीवर द्यायची वेळ आली, तर मात्र या विम्याशिवाय माल हलवू नये. 

लिडकॉमनं २०२५ मध्ये जोडांसाठी क्यूआर कोड आणला, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. कोड स्कॅन केला की कारागीर कोण, जिल्हा कुठला, कातडं कसलं, हे दिसतं. जगाच्या यादीत अंगठ्याचा आकडा होता, या कोडात तो शिवणाऱ्याचं नाव आहे.

ब्रिटनच्या बाजारपेठेकडंही नजर आहे. २४ जुलै २०२५ ला झालेल्या व्यापार करारात चामड्याच्या पादत्राणांवरचं तिकडचं १६ टक्क्यांपर्यंतचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलंय. मुलानं लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं पान मोबाईलवर शोधून ठेवलंय.

(दृश्य: संध्याकाळ. तोच उंबरा. कारागीर चष्मा लावून वही उघडतो.)

वहीचं एक पान मधोमध रेघ मारून केलेलं. डावीकडं कातड्याच्या दुकानाचे पैसे, तारखेसह. उजवीकडं परदेशचे. डावीकडच्या सगळ्या ओळींवर काट मारलेली आहे. उजवीकडं आजच्या पार्सलचा बारकोड मुलगा एकेक अक्षर सांगतो आणि म्हातारा मराठीत लिहून घेतो. शेवटी आय, एन. तारखेची जागा तो मोकळी सोडतो, वही मिटून देवळीत ठेवतो, आणि भिजत घातलेलं कातडं उलटं करायला उठतो.