वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी

(भिंतीवरचं कॅलेंडर, जून २०२५ चं पान. पंख्याच्या वाऱ्यानं कोपरा उडतोय.)

हे पान जरा नीट बघा. दुधाचा हिशोब आहे, गॅस कधी लावला ते आहे, कुणाचा तरी मोबाईल नंबर आहे, ऊसतोडीच्या मुकादमानं उचल दिली त्या तारखेला गोल केलाय. सगळ्या घराचं सगळं या भिंतीवर आहे. फक्त या घरातल्या सुनेची पाळी कधी आली ते कुठंच नाही, आणि ते कोण लिहिणार भिंतीवर, सासरा दीर येता जाता बघणार.

आणि आशाताईला आज नेमकी तीच तारीख पाहिजे.

(उंबरठा. आशाताई पायरीवर बसलीय, मांडीवर रजिस्टर.)

बीड जिल्ह्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण या घरातल्या सुनेनं, म्हणजे या ताईंनी, नाव नको म्हणून सांगितलंय आणि गाव कळलं की घर कळतं. दिवस ८ ऑगस्ट २०२५, राखीच्या आदला. सकाळी निश्चय किटवर दोन रेघा आल्यात, म्हणजे दिवस गेलेत हे नक्की. आता पुढचा प्रश्न, किती दिवस झाले. ऐकायला सोपा वाटतो, पण आमच्या कॅमेऱ्यात या एका प्रश्नाला बावीस मिनिटं लागलीत, त्यातली तुम्हाला दोनच दाखवतोय.

आशाताई विचारते, शेवटची पाळी कधी आली होती गं? उत्तर येतं, आली होती की, पाऊस नव्हता तेव्हा. बरं, मग पेरणीच्या आधी का नंतर? आधी. आषाढीच्या आधी? हो, बरंच आधी. यात्रेला होतीस का गावात? होते. आणि मग ती स्वतःच थांबते, हसते, आणि म्हणते, "वडाला जायला न्हाई जमलं औंदा. बाहेर होते ना मी. सगळ्या बाया गेल्या, मी घरीच."

इथं आशाताईचा चेहरा बघा. पेन उचललं तिनं, पण लिहीत नाही. नवीन माणूस असता तर लगेच लिहून मोकळा झाला असता, वटपौर्णिमा, १० जून. ही विचारते, "त्याच दिवशी आली होती, का आधीच बसली होतीस?" थोडा विचार. "आदल्या दिवशी सांच्याला. पूजेचं सामान आणून ठिवलं आन् मग कळलं."

९ जून. आता लिहिलं.

कारण धरायचा असतो तो पाळीचा पहिला दिवस. पाळी संपली तो नाही, चुकली तो तर नाहीच. आणि ही गोष्ट गावोगाव उलटी चालते. आत बसलेल्या सासूबाईंना विचारलं तर त्या बोटं मोजून सांगतात, पहिला सरला, आत्ता दुसरा लागलाय. त्या मोजतात पाळी चुकल्यापासून. रजिस्टरमध्ये मात्र आज ८ आठवडे ४ दिवस पडतात, म्हणजे दुसरा सरत आला. एकच पोट, एकच दिवस आणि दोघींच्या हिशोबात जवळजवळ महिन्याचा फरक. त्यात 'लागला' आणि 'सरला' यातला घोळ वेगळाच, फोनवर कुणी नुसतं 'सातवा आहे' म्हटलं की आशाताई पहिल्यांदा तेच विचारते, सातवा लागलाय का सरलाय.

(क्लोजअप: आशाताईची बोटं. अंगठा पेरावरून सरकतोय.)

आता बाळंतपणाच्या तारखेचं गणित. महिना तीन मागं, दिवस सात पुढं. जूनवरून तीन मागं, मे, एप्रिल, मार्च. नऊ अधिक सात, सोळा. १६ मार्च २०२६. झालं. चार सेकंद. मग मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकून बघितलं, तिथंही १६ मार्च. दर वेळी असं जुळत नाही बरं का, कारण मोबाईल सरळ २८० दिवस मोजतो आणि बोटांवर महिने मोजले जातात, महिने काही ३० चे, काही ३१ चे, मध्येच फेब्रुवारी २८ चा, त्यामुळे एखाद-दोन दिवस इकडं तिकडं होतात आणि त्यानं काही बिघडत नाही.

हा बोटांवरचा नियम कुठून आला? नेगेले नावाचे जर्मनीतले डॉक्टर होते, हायडेलबर्गला बाळंतपणाचे प्राध्यापक, जन्म १७७८, मृत्यू १८५१. नियमाला नाव त्यांचं आहे, पण त्यांनी तो घेतला त्यांच्याही आधीच्या हॉलंडमधल्या बूरहावे यांच्याकडून. म्हणजे बीडमधल्या या पायरीवर जो हिशोब झाला तो दोन-तीनशे वर्षं जुना आहे. त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की बाईची पाळी २८ दिवसांनी येते आणि साधारण चौदाव्या दिवशी गर्भ राहतो. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचे सात दिवस त्यात वाढवायला लागतात. आशाताईनं तेही विचारलं, तुझी महिन्याच्या महिन्याला येते का पुढं-मागं होते? पण ते शॉटमध्ये नाही, बॅटरी बदलत होतो.

बरं, आपल्याकडं हे माहीत नव्हतं असं नाही. नऊ महिने नऊ दिवस, लहानपणापासून ऐकतोय आपण. इंग्रजी महिन्यांनी मोजा, नेगेले म्हणतात नऊ महिने सात दिवस, आपली आजी म्हणते नऊ महिने नऊ दिवस, फरक दोनच दिवसांचा. मात्र तेच पंचांगाच्या महिन्यांनी मोजलं तर महिना साडेएकोणतीस दिवसांचा, मग सगळं मिळून २७५ च्या आसपास येतं, पाच-सहा दिवस कमी. आजी कुठले महिने मोजायच्या ते आता कोण सांगणार.

(आशाताई चालतेय. वस्ती, बाभळी, लांबून गाडीचा आवाज.)

आम्ही तिच्यामागं चार दिवस फिरलो. आणि त्या चार दिवसांत मला एकच कळलं, ही बाई कॅलेंडर तोंडपाठ घेऊन फिरते. नुसतं सणांचं नाही. कुणाच्या घरी कधी लग्न होतं, कोणत्या दिवशी लाईट गेली होती, कुणाची म्हैस कधी व्याली, मानाची पंगत कधी होती, सगळं. बाया तारीख सांगत नाहीत, त्या प्रसंग सांगतात. देवळात जाता आलं नाही, हळदीला बोट लावता आलं नाही, लोणचं घालायचं राहिलं. जिथं जिथं शिवायचं नाही म्हणून बाजूला बसावं लागलं ते सगळं लक्षात राहतं, आणि त्यातूनच तारीख निघते. बाजूला बसवणं चांगलं का वाईट, त्यावर वेगळा व्हिडिओ करायला लागेल, इथं एवढंच की आशाताई त्याच आठवणीला धरून बाळाच्या तारखेपर्यंत पोचते. आणि या कामाचा वेगळा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. फॉर्ममध्ये फक्त तारखेची चौकट आहे.

(ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. बाकावर बायका, हातात कार्डं.)

९ सप्टेंबर. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून चालू आहे. आज आपल्या ताईला १३ आठवडे १ दिवस. हातात माता बाल संरक्षण कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

सोनोग्राफीच्या खोलीत आम्ही कॅमेरा नेला नाही, त्यामुळं तुम्हाला दार दिसतंय आणि दारावरचा बोर्ड दिसतोय, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. १९९४ चा कायदा. प्रत्येक बाईमागं एफ फॉर्म भरायचा, मगच मशीन.

आत काय होतं ते सांगतो. बाळाची डोक्यापासून बुडापर्यंत लांबी मोजतात, मिलिमीटरमध्ये. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात, रोज साधारण एखादा मिलिमीटर, बाळ बीडचं असो का बर्लिनचं. म्हणून त्या लांबीवरून वय काढलं तर चूक पाच-सात दिवसांच्या वर सहसा जात नाही. पुढं मात्र कुणाचं बाळ अंगानं भरतं, कुणाचं बारीक राहतं, मग सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पहिल्यांदाच सोनोग्राफी केली तर तारीख दोन-तीन आठवडे सुद्धा चुकू शकते. म्हणजे मशीन तेच, डॉक्टर तेच, पण बाई उशिरा आली की मशीनलाही अंदाजच करायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये सांगितलंय की २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी.

या मशीनची मूळ गोष्ट भारी आहे. स्कॉटलंडमधलं ग्लासगो, इयान डोनाल्ड नावाचे डॉक्टर, त्यांनी लोखंडातल्या भेगा शोधायचं कारखान्यातलं यंत्र घेतलं आणि ते बायकांच्या पोटावर लावून बघितलं, १९५८ मध्ये त्यावर त्यांचा लेख आला. त्याच ग्लासगोत ह्यू रॉबिन्सन यांनी ही डोक्यापासून बुडापर्यंतची मोजणी बसवली, १९७३ मध्ये. आणि गंमत बघा, आपल्याकडं कालनिर्णय निघालं तेही १९७३ लाच. संबंध काही नाही, पण त्या भिंतीवरच्या पानाचा शॉट लावताना डोक्यात आलं.

ताई बाहेर आली. लांबी ६० मिलिमीटर, म्हणजे साधारण १२ आठवडे ३ दिवस. पाळीच्या हिशोबानं १३ आठवडे १ दिवस होते. पाच दिवसांचा फरक. सात दिवसांच्या आतला फरक असेल तर तारीख बदलत नाहीत, पाळीची धरतात. १६ मार्च कायम. म्हणजे वडाची आठवण पास झाली.

(दुसरी बाई. कडेवर बाळ.)

हिचं वेगळं. कडेवर दहा महिन्यांचं बाळ आहे, अंगावर पितंय, बाळंतपणानंतर पाळी आलीच नाही आणि तशातच दिवस गेले. हिला कुठला सण विचारणार? आशाताईनं सगळं करून बघितलं आणि हात टेकले. हिची समजूत अशी की तिसरा असेल. सिस्टरनं पोटावर हात ठेवला, बोटांनी वर वर सरकत गर्भाशयाची कड शोधली, ती बेंबीच्या थोडीच खाली लागली. बेंबीला पोचायला २४ आठवडे धरतात. सिस्टर काही बोलली नाही, नुसतं विचारलं, बाळ फिरतंय का? ती म्हणाली, हो, चार-पाच दिवस झाले, मला वाटलं गॅस आहे. पहिलटकरणीला हे कळायला १८-२० आठवडे लागतात, दुसऱ्या वेळी थोडं आधी कळतं.

सोनोग्राफीत १९ आठवडे आले. तिसरा नाही, पाचवा. तारीख ३ फेब्रुवारी २०२६, दहा दिवस पुढं-मागं. तिचा नवरा बाहेर मोटरसायकलवर बसला होता, त्याला सांगितलं तेव्हाचा हा शॉट, यावर मी काही बोलत नाही.

(कारखान्याचं धुराडं, टायरगाड्या, ट्रॅक्टरवर संसार.)

आता ही तारीख एवढी का लागते. दसरा उरकला की गावात हालचाल सुरू होते, दिवाळी झाली की ऊस तोडायला टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांची मिळून घेतलेली, बाई मागं राहिली तर अर्धा कोयता, आणि हिशोब पाडव्याच्या आसपास पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत चालतो. म्हणून १६ मार्च म्हणजे उसाच्या फडात, आणि ३ फेब्रुवारी म्हणजे तर ऐन फडात. तारीख ऑगस्ट-सप्टेंबरात कळली तर निदान घरात बोलता येतं, कोण थांबणार, कुठल्या दवाखान्याच्या जवळचा कारखाना धरायचा, मुकादमाला काय सांगायचं. नाही कळली तर ३७ आठवड्यांच्या, म्हणजे दिवस भरायच्या आधी कळा आल्या तरी कुणाला घाई नसते, आणि ४१ उलटले तरी कुणी दवाखान्यात नेत नाही, बाकी तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र आशाताई प्रत्येकीला सांगते, ती जशीच्या तशी ठेवलीय: "ही तारीख म्हणजे एसटीचं टायमिंग नव्हं. बाळ आपल्या हिशोबानं येतंय." खरंच आहे, नेमक्या दिलेल्या तारखेला होणारी बाळंतपणं शंभरात चार-पाच. म्हणून ती तारखेला एक गोल करते आणि त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांखाली रेघ मारते, तेवढे दिवस बाईनं एकटं कुठं जायचं नाही, १०८ चा नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह पाहिजे.

(पहाट. ट्रॅक्टर भरतोय. भांडी, गोधड्या, शेळी.)

दिवाळीनंतरचा आठवडा. पाचव्या महिन्यात जिला तारीख कळली ती यंदा गेली नाही, माहेरी आहे, नवरा अर्धा कोयता घेऊन गेला. वडाची ताई निघालीय. आता तिला विसावा आठवडा चालू आहे, अजून साडेचार महिने आहेत, आणि पट्टा लवकर पडला तर पोचते परत, नाही पडला तर तिकडंच.

ट्रॅक्टर निघायच्या आधी आशाताई आलीय, डोक्याला रुमाल, पायात पावसाळी चप्पल अजून. तिनं कार्ड मागून घेतलं, पिशवीतून काढलं, तारीख पुन्हा वाचून दाखवली, नवऱ्याकडनं म्हणून घेतली. १६ मार्च. कधी? १६ मार्च. पाडवा कधी आहे? १९ ला. मग पाडव्याच्या किती आधी? तीन दिवस.

कार्ड परत पिशवीत. पिशवी ताईच्या ब्लाऊजमध्ये.

ट्रॅक्टर निघाला. आमचं शूटिंग इथपर्यंतच आहे.