रॉकेल पुरवून वापरा

नमस्कार, श्रोतेहो. घरात कोणी रात्री दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून भीतीदायक व्हिडिओ गेम खेळत बसलं असेल, तर जरा निरखून बघा. बराच वेळ ते ना पळत असतं, ना कुणाला मारत असतं. पिशवी उघडून गोळ्या मोजत असतं! या प्रकाराला सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात, आणि त्यातली भीती या मोजणीतूनच येते.

१९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'रेझिडेंट ईव्हिल' आणला, दिग्दर्शक शिंजी मिकामी. एक जुना वाडा आणि त्यात फिरणारी प्रेतं, म्हणजे झोंबी. खेळायला दोन पात्रं, ख्रिस आणि जिल. ख्रिसला घेऊन खेळलात तर सामानाला सहा कप्पे, जिलला घेतलं तर आठ. पिस्तूल, गोळ्या, जखमेवरचा पाला, एखादी किल्ली, झाले चार. गेम सेव्ह करायलासुद्धा टाइपरायटर गाठावा लागतो आणि त्याला शाईची फीत लागते. फिती मोजक्याच. सेव्ह लांबवलं की मेल्यावर तेवढं सगळं पुन्हा खेळा. म्हणून गोळ्या मोजा, फिती मोजा, कप्पे मोजा. (मोबाइलवर 'जाहिरात बघा, गोळ्या मिळवा' म्हणणारे भुताचे गेम असतात. जाहिरात बघून गोळ्या मिळणार असतील तर भुताला घाबरायचं कशाला?)

आता एका व्हरांड्याकडे येऊ. वाड्यात खिडक्यांचा एक लांब व्हरांडा आहे. पहिल्या गेममध्ये तिथून निवांत चालत गेलं की खळ्ळकन काच फुटायची आणि कुत्रा आत झेपावायचा. ज्याने खेळला, त्याच्या तो कायमचा लक्षात राहिला.

२००२ साली मिकामींनीच हा गेम गेमक्यूब या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी नव्याने केला. जुने खेळाडू त्या व्हरांड्यात पिस्तूल रोखूनच शिरले. झालं काय? काचेला नुसता तडा गेला. बस्स. कुत्रा नाही, काही नाही. खेळाडू हुश्श करून पुढे गेला, कामात गुंतला, आणि नंतर पुन्हा तिथून जाताना कुत्रे आले!

खरी मेख त्याच्याही पुढे होती. जुन्या गेममध्ये झोंबी पाडला की ती वाट मोकळी. नव्यात पाडलेलं प्रेत तसंच टाकून गेलात, तर काही वेळाने तेच उठतं. लालसर, नखं वाढलेलं, आणि आता धावणारं. याला म्हणतात क्रिमझन हेड. उपाय दोनच: डोकं उडवा, नाहीतर जाळा. जाळायला रॉकेल, हो, आपलं स्टोव्हमधलं रॉकेल, आणि लायटर. बाटलीत रॉकेल दोनच वेळा पुरेल इतकं, मग पिंपाच्या खोलीपर्यंत हेलपाटा. जिलचे आठांतले दोन कप्पे या बाटलीत आणि लायटरमध्येच जातात.

नवखे इथेच चुकतात. दिसेल त्याला पिस्तुलाने पाडतात, रॉकेल जवळ नसतं, आणि थोड्या वेळाने आपणच पाडलेले सगळे वाटेत उभे. म्हणून ज्या वाटेने दहादा जायचंय, तिथलंच प्रेत जाळा. जिथे एकदाच जायचंय तिथे झोंबीला मारूच नका, कडेने निसटा. पुन्हा सांगायचं तर: येण्याजाण्याच्या वाटेवर रॉकेल, बाकी ठिकाणी हुलकावणी.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो कोपऱ्यात खिळलेला असतो. वळणापलीकडचं दिसत नाही, घासत येणारे पाय तेवढे ऐकू येतात. टीव्हीचा आवाज बंद करून खेळणाऱ्यांनी सरळ ल्युडो खेळावा.

आणि मजा कशात? सुरुवातीला दर दाराशी थबकणारा खेळाडू पुढे नकाशा न उघडता वाडाभर फिरतो. कुठली किल्ली कुठे, कुठलं प्रेत जाळलंय, सगळं तोंडपाठ. मग तोच गेम तीन तासांच्या आत संपवला, तर पुढच्या खेपेला न संपणारा रॉकेट लाँचर बक्षीस! वाडा तोच, पण आता घाबरायची पाळी झोंबींची.

आज सुरुवात करणार असाल तर जिलला निवडा, दोन कप्पे रिकामे ठेवून निघा, आणि व्हरांड्यात काचेला नुसताच तडा गेला तर हुश्श करू नका. परतायचं तिथूनच आहे.