मुळं यायच्या आधी

हे बघा, एक काचेचा ग्लास, त्यात जास्वंदाच्या तीन काड्या, आणि आज अकरावा दिवस. दिसायला काहीच झालेलं नाहीये. पाणी स्वच्छ आहे, पानं उभी आहेत, खालचं टोक थोडं फुगल्यासारखं वाटतंय, पण तेही मी रोज बघतोय म्हणून वाटत असेल. शेजारच्या पसरट डब्यात अजून नऊ काड्या आहेत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं निम्मं घालून त्यात खोचलेल्या. एकूण बारा. या बारा काड्यांचीच ही गोष्ट.

कटिंग लावणं म्हणजे काय, तर फांदी तोडायची, मातीत खोचायची, पाणी घालायचं आणि नशिबावर सोडायचं, असंच मी कित्येक वर्षं करत आलो. लागली तर "माझा हात चांगला आहे" आणि नाही लागली तर "झाडच तसलं होतं". खरं सांगायचं तर हाताचा यात फार संबंध नसतो, काडी मरते ती बहुतेक वेळा तहानेने, नाहीतर कुजून.

म्हणजे बघा ना, फांदी झाडावर असते तेव्हा पान पाणी उडवत असतं आणि खालून मूळ ते भरून देत असतं. आपण कात्री चालवली की भरणारा गेला, उडवणारा मात्र जागेवरच आहे. पानाला कुठे माहिती की खाली मूळ नाहीये, ते आपलं काम चालू ठेवतं. काडी कापल्यापासून मूळ फुटेपर्यंतचे जे दिवस आहेत ना, पुदिन्याला आठवडा-दहा दिवस, जास्वंदाला तीन ते पाच-सहा आठवडे, ते सगळे दिवस काडी उधारीवर जगत असते.

मग पानं सगळीच काढून टाकावीत का? हे मी करून बघितलंय, आणि नाही, तसं करायचं नाही. कारण पान नुसतं पाणी उडवत नाही, मूळ तयार करायला लागणारी साखर तेच बनवतं, आणि ऑक्सिन नावाचं हार्मोनही वरच्या कोवळ्या शेंड्यातून आणि पानांतूनच खाली येतं. म्हणून मधला मार्ग: खालची पानं काढायची, वर दोन-तीन ठेवायची, आणि ती मोठी असतील तर कात्रीने आडवी अर्धी कापायची. दिसायला वाईट दिसतं, माहितीये. आणि कळी असेल तर तीही खुडायची, नाहीतर काडी असलेला सगळा माल फुलावर उधळून मोकळी होते.

आता जरा जवळून बघूया. ही काडी साधारण पेन्सिलीएवढी जाड, बारा-पंधरा सेंटिमीटर लांब. शेंड्याचा अगदी हिरवा लुसलुशीत भाग नाही, आणि खालचा करडा झालेला जून भागही नाही, मधला घेतलाय, वाकवला की थोडा वाकतो आणि मग कट्‌कन मोडतो तो. कापलाय सकाळी लवकर, कारण तेव्हा फांदीत पाणी पूर्ण भरलेलं असतं. आणि कापलाय पेराच्या बरोब्बर खाली, जिथून पान फुटतं त्या गाठीच्या खाली. ब्लेड आधी स्पिरिटने पुसलेलं. हे पुसायचं काम कंटाळवाणं आहे, पण एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडात नेणारी सगळ्यात सोपी गाडी म्हणजे आपलं ब्लेड.

कापल्यावर आत काय होतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून तोंडीच सांगतो. जखम झाली की काही मिनिटांतच धोक्याचे रासायनिक निरोप सुटतात, कापलेल्या तोंडावरच्या पेशी मरून सुकतात आणि त्यांच्या मागच्या पेशी बुचासारखा थर तयार करायला लागतात. दरम्यान वरून ऑक्सिन येतच असतं. त्याची वाट एकेरी असते, शेंड्याकडून बुडाकडे. एरवी ते खाली मुळांपर्यंत निघून गेलं असतं, पण आता रस्ता मध्येच संपलाय, म्हणून ते कापलेल्या टोकाशी साठत जातं. तिथे सालीच्या आत कॅम्बियम म्हणून एक पातळ थर असतो, त्याच्या आसपासच्या काही पेशी, ज्या खोड म्हणूनच जगल्या असत्या, त्या आपलं काम सोडून पुन्हा विभागायला लागतात आणि त्यातून मुळाचा एक बारका कोंब तयार होतो. तो आतून साल ढकलत बाहेर येतो. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, मूळ बाहेरून चिकटत नाही, खोडाच्या पोटातून फुटतं.

ऑक्सिनची वाट एकेरी आहे हे बघायला मी बारातली एक काडी मुद्दाम उलटी खोचली होती, शेंडा खाली, बूड वर. ती नवव्या दिवशी वाळली. आपण काडी उलटी केली तरी तिच्या आतलं वर-खाली बदलत नाही. म्हणून बऱ्याच काड्या एकदम कापत असाल तर खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापा, पानं काढल्यावर कुठली बाजू कुठली हे खरंच कळत नाही.

या हार्मोनचा शोध लागायला बराच काळ गेला. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले, 1880 मध्ये ते छापले, आणि त्यात दिसलं की कोंबाच्या टोकाला टोपी घातली तर तो उजेडाकडे वळत नाही, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातोय. तो निरोप हातात आला 1926 मध्ये, फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यांवर ठेवली, आणि टोकातलं द्रव्य अगारमध्ये उतरलं. पुढच्या दहा वर्षांत ते मुळं फोडायलाही वापरता येतं हे कळलं. आज रूटिंग पावडरच्या, म्हणजे मुळं फुटावीत म्हणून काडीला लावायच्या पावडरच्या, डबीवर आयबीए लिहिलेलं असतं ते याच कुटुंबातलं.

पावडरबद्दल एक सांगतो कारण माझी एक काडी यातच गेली. जास्त लावली म्हणजे जास्त मुळं, असं अजिबात नाही. कोवळ्या काडीला साधारण 0.1 टक्का, अर्धवट जून काडीला 0.3 टक्के आणि अगदी लाकडी झालेल्या काडीला 0.8 टक्क्यांपर्यंत, असा ढोबळ हिशोब असतो. मी एका काडीला पिठात घोळवल्यासारखी घोळवली, बूड काळं पडून ती मेली. टोक ओलं करायचं, पावडरीत टेकवायचं, आणि टिचकी मारून जादा झटकायची, बास. डबीत थेट काडी बुडवायची नाही, झाकणात थोडी काढून घ्यायची, उरलेली फेकायची. मध आणि दालचिनीचं विचाराल तर त्यांनी बुरशी किंवा जंतू थोडे रोखले जात असतील, पण मूळ फोडणारं हार्मोन त्यात नाही.

आता हा डबा. झाकण पारदर्शक आहे आणि आतून घामेजलंय, ते तसंच पाहिजे. हवा दमट असली की पानातून पाणी कमी उडतं, उधारी कमी होते. बंद काचेत झाड टिकतं हे लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला 1829 मध्ये असंच योगायोगाने कळलं. त्याने पतंगाचा कोश ओल्या मातीसकट काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता, आणि मातीतून नेचा (फर्न) उगवला, जो लंडनच्या धुरात त्याच्याकडे जगतच नव्हता. 1833 मध्ये त्याने काचपेट्यांतून झाडं जहाजाने थेट सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. आपली बिर्याणीच्या पार्सलची पारदर्शक डबी तेच काम करते, फक्त ती कडक उन्हात ठेवायची नाही, आत अक्षरशः उकडून निघतं. भरपूर उजेड, पण सावलीतला.

आणि दमट म्हणजे चिखल नव्हे. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं तर एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर पिळून काढा. फुटणाऱ्या मुळाला हवा लागते, पाणी तुंबलं की हवा संपते आणि कुजणं सुरू होतं. ग्लासातल्या तीनपैकी एक काडी अशीच गेली, चार दिवस पाणी बदलायचं राहिलं, खालून बुळबुळीत झाली आणि वास यायला लागला. खत मात्र आत्ता अजिबात नाही, खायला तोंडच नाहीये अजून.

सोळावा दिवस. माझ्याच्याने राहवलं नाही आणि मी डब्यातली एक काडी उपसून बघितली. टोकाला पांढरट, खडबडीत गोळा होता. मी म्हटलं, आली मुळं! ती मुळं नव्हती, तो कॅलस, जखमेवर आलेली पेशींची गाठ. कॅलस आला म्हणजे मूळ येणारच असंही नाही, काही काड्या नुसता कॅलस घेऊन बसतात. काडी परत खोचली, पण ती नंतर गेलीच. तेव्हापासून मी फक्त बोटाने हलकंसं ओढून बघतो, अडकल्यासारखी वाटली तर आत काहीतरी धरून आहे.

एकविसाव्या दिवशी एका काडीला वर नवं पान फुटलं. खूश झालो होतो, पण या खुशीला अर्थ नाही. काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या बंद कोंबात, साठवलेल्या मालावर पान फुटू शकतं, खाली मूळ नसतानाही. ती काडी पाच दिवसांनी मान टाकून पडली.

सव्विसाव्या दिवशी ग्लासात पहिलं खरं मूळ दिसलं. सालीला उभी चीर आणि त्यातून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, फार लांब होऊ दिली तर कुंडीत लावताना तुटतात, म्हणून दोन-तीन सेंटिमीटर झाली की हलवायची. डब्यातल्यांना बाहेर काढायचीही घाई नाही. आज झाकण दहा मिनिटं उघडं, उद्या अर्धा तास, असं आठवडाभर. एकदम उघडलं की पानं लोंबतात, कारण नवी मुळं अजून तेवढं पाणी ओढू शकत नाहीत.

आज छत्तिसावा दिवस. ग्लासातल्या दोन आणि डब्यातल्या चार अशा सहा लागल्या. पाच गेल्या. सहाही झाडं आईसारखीच निघणार, तोच रंग, तीच ठेवण, आणि आईत एखादा व्हायरस असेल तर तोही, म्हणून काडी घेताना पानांवर पिवळे चट्टे असलेलं झाड मी सोडूनच देतो.

बारावी ही. डब्याच्या कोपऱ्यातली. एक पान गळलंय, एक शाबूत आहे, खोड नखाने किंचित खरवडलं तर आत अजून हिरवं. ओढली तर सहज हलते, म्हणजे मूळ नाही. झाकण परत लावतोय.