सहा वर्षांची मुदत आणि चारची मॅच

(कोल्हापुरात संशोधक विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रबंध, प्रपंच आणि छंद : वेळेचे नियोजन’. मला पाऊण तास मिळणार होता, त्यातला बराचसा माझ्या परिचयातच गेला. असो. नियोजनाचे पाच मुद्दे लिहून आणलेत, ते शेवटी सांगते. त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षं मनात घोळतेय ती सांगून टाकते. पीएचडी छंदापायी लांबत नाही. छंद सोडला की लांबते.

हसू नका. मागच्या रांगेतले गाइड बघा, एकही जण हसत नाहीये.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता, शिवाजी पेठेतला. सकाळी ज्युनिअर कॉलेजला नोकरी, घरी आईवडील, बायको, लहान मुलगी आणि डोक्यात फुटबॉल. आता हे म्हणजे काय ते या हॉलमध्ये सांगायला नको. बाहेरच्यांना वाटतं, महाराष्ट्रात सगळीकडं क्रिकेटच. त्यांना सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांच्या मॅचला आणून बसवावं. बाहेरगावाहून आलेल्या एका प्राध्यापकांना मी नेलं होतं. अर्ध्या तासात ते कुठल्या तरी पेठेचे झाले. कुठल्या, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

तर या मुलाचं रजिस्ट्रेशन झालं आणि घरात बैठक बसली. मामा आले, चुलते आले, ठराव झाला: डिग्री हातात येईपर्यंत स्टेडियम बंद. आईनं संघाचा टी-शर्ट कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरगं गुणी, त्यानं सगळा सीझन पाळलं. आणि त्या सीझनमध्ये एक पान लिहून झालं नाही.

का? दुपारी हा रिकामा, असं घरानं धरलं. लाइट बिल यानं भरायचं, सिलिंडर यानं उतरवून घ्यायचं, सासुरवाडीचे पावणे आले की दर्शनाला यानं न्यायचं. कोल्हापुरात राहणाऱ्याला पावण्यांचा तोटा नाही. अंबाबाई, जोतिबा, वाडी, रात्री तांबडा-पांढरा, आणि सकाळी परत ‘जाता जाता रंकाळा बघू की’. उरल्या वेळेत तो वाचायचा. लिहिणं टाळायचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग म्हणजे वाचणं. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवरून दुसऱ्यांचे प्रबंध उतरवायचे, फोल्डर करायचे, फोल्डरांना नावं द्यायची. मला विचाराल तर या विद्यापीठ परिसरात जितके फोल्डर आहेत तितकी प्रकरणं असती तर... जाऊ दे.

पुढच्या सीझनला मुलीनंच आजीच्या कमरेची किल्ली पळवली. टी-शर्ट बाहेर आला. चारला मॅच, साडेतीनला दारात मित्राच्या गाडीचा हॉर्न. मग जेवून एक ते साडेतीन हा लिहायला बसायला लागला, कारण नंतर वेळ नाही हे त्याला माहीत होतं. घरालाही माहीत होतं. कोल्हापुरात माणसाला प्रबंधावरून उठवता येतं, मॅचला निघालेल्याला अडवता येत नाही. पावण्यांना वडील न्यायला लागले. त्याच्या प्रकरणाची मेल कधी येणार, हे मी पेपरात मॅचचं वेळापत्रक बघून ओळखायची. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, त्याच्या संघाची पोरं मागं येऊन बसली होती. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न जरा जपूनच विचारत होते.

यातली गोम अशी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे २०२२ चे नियम घ्या. कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २. आता ६ वर्षांच्या मुदतीला हॉर्न नसतो. ती कुणाच्या दारात येऊन थांबत नाही. चारच्या मॅचला माणसं वाट बघत असतात; भजनाला पेटीवाला लागतो, नाटकाच्या तालमीला दुसरं पात्र. म्हणून छंद तुमच्या दिवसाला कड आणतो आणि त्या कडेच्या अलीकडं लिहून होतं.

पण मुलींचं वेगळं आहे, आणि ते न बोलता मी खाली बसणार नाही. त्याच नियमांत महिलांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा. चांगली तरतूद आहे. पण ती घरी कळली की काय होतं? ‘तुला दोन वर्षं जास्त आहेत की, मग एवढी कसली घाई?’ सवलत बाईला मिळते, वापरतं घर. मुलगा लॅपटॉपपुढं बसला तर अभ्यास चाललाय, सून बसली तर नुसतीच बसलीय. छंदाचं तर नावच नको. माझी एक विद्यार्थिनी गाणं शिकत होती. ते आधी बंद केलं, मग लिहिणं आपोआप बंद पडलं. तिला मी सांगितलं, सवलतीचं घरी बोलूच नकोस. गाणं परत सुरू कर, आणि क्लासची वेळ सासूबाईंना नवऱ्याकडून कळू दे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. बरं, मुद्दे.

पहिला: सल्लागार समितीपुढं दर सहामाहीला उभं राहायचं असतं. ती तारीख मोबाइलमध्ये नको, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहा. तिथली तारीख घर पाळतं. दुसरा: संदर्भ ज्या दिवशी वापराल त्याच दिवशी पान नंबरासकट नोंदवा. संदर्भ नोंदवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वही त्याहून सोपी. तिसरा: मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल शेवटच्या महिन्यात बदलायला गेलात तर जोडाक्षरं जागेवर राहत नाहीत. आणि लग्नसराईत प्रबंध डीटीपीवाल्याकडं नेऊ नका, तो पत्रिकांत बुडालेला असतो. चौथा: साम्य-तपासणी, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघणं, शेवटाला ठेवू नका. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण संशोधन-पद्धतीचं प्रकरण जिकडून तिकडून उचललं असेल तर ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं. आणि हो, २०२२ पासून सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट गेलीय. तुमच्या विभागाचं म्हणणं काय ते मात्र लेखी विचारून घ्या.

पाचवा मुद्दा गाइडनी काय काय करू नये हा होता. अध्यक्ष घड्याळ बघतायत आणि ते स्वतः गाइड आहेत. तो चहाच्या वेळी सांगते, मागची रांग गेल्यावर.