कुत्रं ‘पिसायलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

नमस्कार मंडळी! पुस्तकात कुत्रं ‘पिसाळतं’, आपल्या वऱ्हाडात ‘पिसायते’. डोळ्याचा डोया होतो, तसाच इथंही ‘ळ’चा ‘य’ झाला.

शब्दाचं मूळ आहे पिशाच. प्राकृतात मधला ‘च’ झिजला आणि मराठीत ‘पिसा’ उरला, म्हणजे वेडा. पिसं, पिसाट ही त्याचीच भावंडं. मोराचं पीस मात्र वेगळं, त्याचा इथं काही संबंध नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत, पिसे म्हणत, हे महानुभावांच्या जुन्या गद्यात लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे शब्द तेव्हा माणसालाही लागायचा.

घोळ असा की शब्दातच भूत बसलंय. म्हणून कुत्रं चावलं की कुणी आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेतं. अंगात शिरतो तो रेबीजचा विषाणू, लाळेतून. तो मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो, त्याला बहुतेक वेळा काही आठवडे ते महिने लागतात. आपल्या हातात तेवढाच वेळ. पाण्याला भिणारा रुग्ण वाचत नाही, हे सुश्रुतसंहितेतही आहे, आणि लक्षणं दिसल्यावर आजही जवळजवळ कुणी वाचत नाही.

म्हणून आधी जखम धुवा. हातपंपाची धार, कपड्याचा साबण चालेल, पूर्ण 15 मिनिटं. पंपाचा दांडा दुसऱ्याला हलवायला सांगा. तिखट, चुना, हळद काही भरू नका, त्यानं जखम चिघळते. घट्ट पट्टीही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर 0.1 मिली. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा, पण पहिली लस आरोग्य केंद्रातच घेऊन निघा. लोक चुकवतात तो 28वा दिवस. तोवर जखम भरलेली असते ना!

आणखी एक. पिसाळलेलं जनावर धावतंच असं नाही. कुत्रं कोपऱ्यात मुकं पडतं, जबडा लोंबतो. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घशात काही अडकलं समजून आपण थेट तोंडात हात घालतो. घालू नका. वेगळं बांधा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, आणि आधीच हात घातला असेल तर धुऊन लगेच दवाखान्यात जा.