नाव घेतले की निकाल लागतो : ड्रायडनच्या उपहासकाव्यातील बायबल

श्रोतेहो, आजच्या विषयासाठी मी एकच कविता निवडली आहे, ती म्हणजे इंग्रज कवी जॉन ड्रायडनची ‘अबशालोम आणि अहीथोफेल’. नोव्हेंबर १६८१ मध्ये ती लंडनमध्ये कवीच्या नावाविना प्रसिद्ध झाली. दुसऱ्या चार्ल्स राजाला औरस संतती नव्हती आणि त्याचा वारस असलेला भाऊ जेम्स प्रॉटेस्टंट देशात कॅथलिक होता; त्याला वारसाहक्कातून वगळण्याचा घाट शाफ्ट्सबरीच्या अर्लने घातला होता, आणि राजाचा अनौरस पुत्र मॉनमथ त्या पक्षाच्या आशेचे स्थान बनला होता. ड्रायडनने हा सारा पेच बायबलातील दावीद राजाच्या कथेत बसवला : चार्ल्स तो दावीद, मॉनमथ तो बापावर उलटलेला अबशालोम आणि त्याचे कान भरणारा शाफ्ट्सबरी तो अहीथोफेल.

या नावांआड कोणी लपत नव्हते, आणि कोणी लपावे असा हेतूही नव्हता. आपल्याकडे एखाद्याला शकुनी म्हटले की द्यूतापासून कुरुक्षेत्रापर्यंतचे सगळे आरोप त्यात येतात. बायबलावर वाढलेल्या इंग्रज वाचकाचेही तसेच होते.

बकिंगहॅमच्या ड्यूकचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याने १६७१ मध्ये रंगभूमीवर ड्रायडनची यथेच्छ टिंगल केली होती. दहा वर्षांनी ड्रायडनने त्याला जिम्री केले. चंद्राच्या एका फेऱ्यात हा गृहस्थ किमयागार, वादक, मुत्सद्दी आणि विदूषक होतो आणि कशातच टिकत नाही, असे ते हसरे चित्र आहे. पण बायबलाच्या ‘गणना’ या पुस्तकातील जिम्री मिद्यानी स्त्रीसह तंबूत असताना भाल्याने मारला गेला, आणि बकिंगहॅमने १६६८ मध्ये द्वंद्वयुद्धात ज्या अर्लला प्राणघातक जखम केली, त्याच्याच पत्नीशी त्याचे संबंध होते. बायबलाच्याच ‘राजे’ या पुस्तकातला दुसरा जिम्री धन्याला मारून गादीवर बसला आणि सात दिवसांत संपला. व्यभिचार आणि स्वामिद्रोह हे शब्द ड्रायडनला लिहावेच लागले नाहीत. मोठ्या अपराधांचा उल्लेख आपण टाळला, असे त्याने १६९३ मध्ये स्वतः नमूद केले. डोके धडावेगळे करूनही ते जागच्या जागी ठेवणारा घाव त्याला उपहासाचा आदर्श वाटे.

चार्ल्सची राणी कॅथरीन हिला दिलेले मीखल हे दाविदाच्या पत्नीचे नाव मात्र मला खुपते. हीच ती पोर्तुगीज राजकन्या, जिच्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांकडे आली. मीखलेचे निपुत्रिकपण बायबलात तिने दाविदाची हेटाळणी केल्याच्या प्रसंगाला जोडून येते; राणीने तसे काहीही केले नसताना तो ठपका तिच्या माथी बसला.

बायबलातील अहीथोफेलाने आपला सल्ला डावलला गेल्यावर घरी जाऊन गळफास घेतला. ड्रायडन याविषयी अवाक्षर काढत नाही. शाफ्ट्सबरी त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैद होता आणि प्रकरण ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे, यायला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे तो फास वाचक स्वतःच कवितेत आणत असे. तरीही २४ नोव्हेंबरला ज्यूरीने आरोप फेटाळला. शाफ्ट्सबरीच्या समर्थकांनी त्या आनंदात पदक पाडले, आणि १६८२ मध्ये ड्रायडनने त्या पदकावरच नवी उपहासकविता लिहिली.